पैसेवारी ५६ आली म्हणून जबाबदारी संपत नाही

प्रश्न मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावच्या सरपंचांचा आहे. ऑगस्टात पावसानं पाच आठवडे दडी मारली, सोयाबीन फुलोऱ्यातच करपलं. तरी ऑक्टोबरअखेरची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी आकडा, ५६ आली, आणि ओढ्यापलीकडच्या गावाची ४७. पन्नासच्या आत आली तरच गाव टंचाईचं धरतात. तालुका दुष्काळाच्या यादीत नाही. तहसीलला गेलं की "वरून आदेश नाहीत" एवढंच ऐकायला मिळतं. त्यांनी विचारलंय: दुष्काळात गाव सांभाळणं ही सरकारची कायद्यानं जबाबदारी आहे, की सरकारच्या मर्जीवर आहे? आणि जबाबदारी असेल, तर आम्ही ती कुठून धरायची?

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. टंचाई शाखा, रोहयो (रोजगार हमी योजना) शाखा, चारा छावण्या, पैसेवारी, सगळं या हातांखालून गेलंय. खुर्चीत बसून जे पाहिलं त्यावरून सांगतो.

जबाबदारी आहे. कायद्यानं आहे आणि जुनी आहे. पण ती एका शब्दामागे कुलूपबंद करून ठेवलेली आहे. सरकारनं 'दुष्काळ' म्हटलं की कामं काढणं, टँकर लावणं, वसुली थांबवणं हे सगळं ओघानं येतं. म्हणून दीडशे वर्षं सगळी ओढाताण त्या शब्दाची आहे: तो कोणी उच्चारायचा, कधी, आणि कोणत्या गावासाठी.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसं लाखांनी मेली. त्या वेळी व्हाइसरॉयनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कापून दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली. अर्ध्या किलोपेक्षाही कमी! मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. कलेक्टरनं कशावर नजर ठेवायची हे त्या संहितांमध्ये लिहिलेलं होतं: धान्याचे भाव चढले का, सावकारानं हात आखडला का, चोऱ्या वाढल्या का, माणसं गाव सोडून भटकायला लागली का. ही लक्षणं दिसली की आधी चाचणी म्हणून काम काढायचं आणि लोक आले की पुढची यंत्रणा लावायची. आजच्या उपग्रहाच्या निर्देशांकांपेक्षा ही लक्षणं मला अजूनही जास्त बोलकी वाटतात, कारण त्यात पिकाआधी माणूस पाहिलेला आहे.

१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी नेमकी हीच संहिता हातात धरली. पीक बुडालं असेल तर सारा माफ किंवा तहकूब करून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, हे 'केसरी'तून शेतकऱ्यांना सांगितलं, आणि सार्वजनिक सभेची माणसं संहितेची माहिती घेऊन गावोगाव फिरली. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखवला, एवढाच तिचा गुन्हा.

संहितेत उणीव होती ती अशी, की तिनं अधिकाऱ्यावर कर्तव्य टाकलं, पण लोकांच्या हाती हक्क दिला नाही. अधिकाऱ्यानं कर्तव्य केलं नाही तर विचारणार कोण? १९४३ मध्ये बंगालात हेच झालं. दुष्काळ जाहीर केला असता तर संहितेप्रमाणे ठरलेलं धान्य द्यावं लागलं असतं, आणि तेवढं धान्य हाती नव्हतं. म्हणून दुष्काळ जाहीरच केला नाही. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगानं मृत्यूंचा अंदाज १५ लाखांचा धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच वर नेला.

आपल्याकडे १९६३ मध्ये तर राज्यातल्या कायद्यांतून इंग्रजी 'फॅमिन' हा शब्द काढून टाकण्यासाठीच वेगळा कायदा झाला. जिथं जिथं तो होता तिथं 'टंचाई'ला समानार्थी इंग्रजी शब्द आला. माझ्या सगळ्या नोकरीत शाखेचं नाव 'टंचाई शाखा' होतं, ते त्यामुळेच. भूक तीच, पण फायलीवरचं नाव सौम्य.

मग १९७२ आलं. मी तेव्हा दुसरीत होतो. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. आम्ही पोरं दुपारी सुकडीसाठी तिथं रांगेत. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, घशाखाली उतरायची नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पीक ओळीनं बुडालं होतं, तरी १९४३ सारखं झालं नाही, याचं मुख्य कारण ती कामं. मजुरी तुटपुंजी होती, खडी फोडून हातांना फोड यायचे, पण हातात दर आठवड्याला पैसा पडत होता आणि माणूस गावाजवळ राहत होता.

त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. या कायद्यानं दुष्काळ संहितेतली ती उणीव भरून काढली. आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. गावातल्या माणसानं काम मागितलं की ते द्यायचं, न दिलं तर भत्ता द्यायचा. म्हणजे कुलपाची एक किल्ली लोकांच्या हाती आली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं तेच तत्त्व देशभर नेलं: त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवस, अर्जापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता होता. २०२५ अखेर संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला. शंभर दिवसांपुढचं काम आपल्या राज्यानं स्वतःच्या खर्चानं द्यायचं ठरवलं. ही किल्ली गावं वापरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आजचा कायदा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुष्काळ ही आपत्ती आहे. कलम १२ प्रमाणे आपद्‌ग्रस्तांना निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, वैद्यकीय मदत यांचे किमान निकष ठरवायचे आहेत. विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायची आहे. कलम १३ गंभीर आपत्तीत कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचा अधिकार देत होतं, ते २०२५ च्या दुरुस्तीत वगळलं गेलं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. दुष्काळ जाहीर करणं राज्याचं काम आहे, पण स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर ११ मे २०१६ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं केंद्रालाही हात झटकता येणार नाहीत असं बजावलं, आणि दुष्काळ मान्य करायची टाळाटाळ करणाऱ्या राज्यांची कानउघाडणी केली. त्याच प्रकरणात असंही सांगितलं, की दुष्काळी भागात शिधापत्रिका नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतली खिचडी चालू ठेवा. किती गावांनी ती सुट्टीतली खिचडी मागून घेतली? माझ्या तालुक्यात बोटांवर मोजण्याइतक्या.

शब्दाचा खेळ त्या वर्षी आपल्याकडेही झाला. २०१५ च्या खरिपानंतर शासनानं गावांची यादी काढली ती 'दुष्काळसदृश' म्हणून. उच्च न्यायालयात प्रश्न विचारले गेले, तेव्हा मे २०१६ मध्ये, म्हणजे उन्हाळा संपत आल्यावर, २९ हजारांहून अधिक गावांसाठी 'दुष्काळ' हा शब्द वापरला गेला. तोवर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं.

त्या निकालानंतर केंद्रानं दुष्काळाची संहिता नव्यानं लिहिली, आणि २०१७ मध्ये राज्यानं ती स्वीकारली. तुमच्या 'वरून आदेश नाहीत'चा उगम इथं आहे. आधी पाऊस: सरासरीपेक्षा किती कमी, किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड. मग पेरणीखालचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजल. त्यातून तालुका निवडला गेला तर दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी, आणि त्यावरून 'मध्यम' किंवा 'गंभीर'. खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर व्हावा अशी अपेक्षा आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके जाहीर झाले, ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. केंद्राच्या निधीचं दार प्रामुख्यानं 'गंभीर'साठी उघडतं, त्यामुळे मध्यमचा भार राज्यावर पडतो. मग राज्याचा हात कुठं आखडतो, ते सांगायला नको.

या पद्धतीत शिस्त आहे हे मी मान्य करतो. पूर्वी आमदाराच्या फोनवर यादी हलायची, ते कमी झालं. पण तालुका हा घटक धरला की तुमच्यासारखं गाव सरासरीत बुडतं. तालुक्याच्या एका टोकाला तलावाखालची गावं, दुसऱ्या टोकाला माळरान. उपग्रह दोघांची बेरीज करतो. यावर उत्तर शासनानंच दिलेलं आहे. २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर केल्यावर नोव्हेंबरात आणखी १,०२१ महसूल मंडळांना (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) सवलती लागू झाल्या. निकष होता सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस. शब्द पुन्हा 'दुष्काळसदृश' होता, पण मंडळ हा घटक धरता येतो हे सिद्ध झालं. तुमच्या निवेदनात तालुक्याचं नाव न घेता मंडळाचं नाव घ्या, आणि मंडळातल्या पर्जन्यमापकाचे जूनपासूनचे दिवसवार आकडे जोडा.

पैसेवारीबद्दल थोडं मोकळं बोलतो. पैसेवारी म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत यंदा पीक किती, शंभरात किती पैसे. पन्नासच्या आत असलं तर गाव टंचाईचं. ठरवते ती गावची समिती: मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, शेतकरी प्रतिनिधी. सरपंच, तुम्ही स्वतः त्या समितीत आहात. पीक कापणी प्रयोग (ठरावीक तुकड्यातलं पीक कापून वजन करणं) कोणत्या शेतात झाला, ते शेत विहिरीवरचं होतं की कोरडवाहू, तुम्ही तिथं हजर होता का, पंचनाम्यावर तुमची सही आहे का? बहुतेक ठिकाणी सही नंतर घेतली जाते आणि सरपंच न वाचता करतात. मी तरुण होतो तेव्हा एका वर्षी वरून तोंडी निरोप आला, की पन्नासच्या खाली फार गावं दाखवू नका. लेखी काही नव्हतं. आकडे पुन्हा बसवले गेले, आणि मीही त्या कागदांवर सही केली. एका गावची म्हातारी वर्षभर तहसीलच्या पायरीवर येऊन बसायची. तिचा काही अर्ज नव्हता, नुसती बसायची. ते मी विसरलेलो नाही. ज्या गावचा सरपंच कापणीच्या दिवशी शेतात उभा होता आणि ज्यानं वजन वहीत टिपून घेतलं होतं, त्या एकाच गावचा आकडा त्या वर्षी कोणी हलवू शकलं नाही.

ऑक्टोबरची पैसेवारी सुधारित असते, शेवटची नसते. अंतिम डिसेंबरात येते. म्हणजे हातात अजून दिवस आहेत. लेखी हरकत घ्या, कापणी प्रयोगाच्या नोंदींची प्रत मागा, ओढ्यापलीकडच्या गावाची पिकं, माती, पाऊस तुमच्यासारखाच असल्याचं मांडा. ग्रामसभेचा ठराव सोबत लावा. तहसील, प्रांत आणि जिल्हाधिकारी अशा तिन्ही ठिकाणी द्या आणि तिन्ही ठिकाणची पोच घ्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. समजा, उद्या तुमचं मंडळ यादीत आलं. काय मिळतं? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात साडेतेहेतीस टक्के सूट, पंपाची वीज न तोडणं, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोहयोच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर. या आठ सवलतींतल्या पहिल्या पाच ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. भूमिहीनाला काय? बटईनं करणाऱ्याला काय? नवऱ्यानं सोडलेल्या, जमिनीवर नाव नसलेल्या बाईला काय? परीक्षा शुल्क, टँकर आणि काम. आणि जमीन महसुलाची सूट तर कोरडवाहू शेतकऱ्याला चहाच्या पैशाइतकी.

नुकसानभरपाईचंही तसंच. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि तेही ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर. एकराला साडेतीन हजारांच्या आत. बियाण्याच्या एका बॅगेत आणि एका फवारणीत ते संपतात. ही रक्कम घेऊ नका असं मी म्हणत नाही, हक्काची आहे. पण गेल्या काही वर्षांत मदत म्हणजे खात्यात पैसे, एवढाच अर्थ उरत चाललाय, आणि ज्याच्याकडे जमीन नाही तो त्या हिशेबातून गळून पडतो. १९७२ मध्ये मदतीचा कणा काम होता. माझ्या मते तो आजही कामच असायला हवा.

आणि कामाला वेळ असते. आपल्याकडची ऊसतोड टोळी दसऱ्यानंतर निघते. मुकादमाची उचल त्याच्याही आधी घेतलेली असते. दुष्काळ जाहीर होतो ऑक्टोबरअखेर, कामांचे आदेश डिसेंबरात, मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, निघतं जानेवारीत. तोवर गाव रिकामं. मग अहवालात लिहिलं जातं, 'मजुरांची मागणी नाही'. असे अहवाल मी वाचलेत. मागणी होती, ती कारखान्याच्या फडात कोयता चालवत होती, आणि तिची पोरं शाळा सोडून पाचटाच्या कोपीत. वेळेवर न आलेली मदत कागदावर मदतच दिसते, म्हणून तिचा जाब कोणी विचारत नाही.

यंदा तुमच्या गावची टोळी गेली असेल तर मागे राहिलेल्यांसाठी आणि पुढच्या वर्षासाठी हे लक्षात ठेवा: कामाची मागणी ऑगस्टच्या खंडातच करायची. नमुना ४ मध्ये अर्ज, एकट्यादुकट्यानं न करता पन्नास-साठ जणांनी एकाच दिवशी, आणि नमुना ५ ची पोच हातात घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठायचं नाही. तारखेची ती पोच हाच पुरावा. १५ दिवसांत काम निघालं नाही तर पहिल्या महिन्यात मजुरीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतका आणि पुढे निम्म्याइतका भत्ता देय होतो. भत्ता मागितला की यंत्रणा हलते, कारण तो का द्यावा लागला याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं. माझ्या टेबलावर पोच जोडलेले साठ अर्ज आले की मी स्वतः त्या दिवशी शेल्फवरची, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेली, कामं काढून पाहायचो. तोंडी तक्रार आली की 'बघू' म्हणायचो. दोन्ही वेळी माणूस मीच होतो. नियम, दर, दिवस अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी तहसीलच्या रोहयो शाखेत चालू आदेशाची प्रत मागून घ्या.

कामं कोणती सुचवायची, यावर ग्रामसभेत भांडा. पाझर तलावातला गाळ, नाल्याचं खोलीकरण, बांधबंदिस्ती, वैयक्तिक विहिरी. रस्त्यावर मुरूम टाकायचं काम ठेकेदाराला आवडतं, पण त्यात यंत्र घुसतं आणि मजूर नावापुरते राहतात.

पाण्याचं वेगळं. टँकरला दुष्काळ जाहीर व्हावा लागत नाही. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत असतो, आणि त्यात विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, नळयोजनेची दुरुस्ती, गाळ काढणं हे आधी, टँकर शेवटी. ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी मागा. ग्रामीण टँकरचा हिशेब माणशी दिवसाला २० लिटर धरतात; ठरावात लोकसंख्या लिहिताना जुन्या जनगणनेवर थांबू नका, वाड्या, वस्त्या, तांडे आणि जनावरं वेगळी मांडा. टँकर विहिरीत ओततो तेव्हा वस्तीवरच्या बाईला ते पाणी शेंदायला मिळतं की नाही, हे तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही.

रेशनचंही विचारून घ्या. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळत होतं. २०२३ पासून त्याऐवजी रोख रक्कम द्यायचं ठरलं. गावातल्या किती घरांचं खातं जोडलेलं नाही म्हणून ती रक्कम अडली आहे, ती यादी तलाठ्याकडून नाही, रेशन दुकानदाराकडून आणि तहसीलच्या पुरवठा शाखेकडून मिळेल.

यातलं सगळ्यात आधी काय करायचं, तर ग्रामसभा. नोव्हेंबर संपायच्या आत बोलवा. पैसेवारीची हरकत, मंडळाचा पाऊस, कामाची मागणी आणि पाण्याचा ठराव हे चारही विषय त्याच दिवशी घ्या, आणि ज्या घरातली माणसं फडावर गेली आहेत त्यांची नावं इतिवृत्तात लिहून ठेवा.